आधी पाणी, मग मुक्काम

पुण्याहून निघालेल्या गाडीला सोलापूरच्या अलीकडे तीस-पस्तीस किलोमीटरवर मोहोळ लागते. बहुतेक गाड्या इथे थांबत नाहीत. ज्यांना थांबायचे असते ते पुढे लांबोटीला थांबतात, मक्याचा चिवडा घेतात, चहा पितात आणि निघतात. पण नकाशा उघडला तर मोहोळ हा मोठा फाटा आहे हे लगेच कळते. इथून एक रस्ता पंढरपूरला जातो, चाळीसएक किलोमीटर. दुसरा कुरूल-कामतीवरून मंगळवेढ्याकडे आणि पुढे विजापूरकडे. तिसरा वैरागवरून बार्शीला. आणि सरळ गेलात तर सोलापूर, तिथून तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, हैदराबाद. दुपारच्या जेवणानंतर पुण्यातून निघालेले कुटुंब, वाटेत दोनदा थांबून, नेमके दिवेलागणीला या परिसरात पोचते. पुढे जायचे की इथेच रात्र काढायची, हा प्रश्न इथे पडतो तो त्यामुळे.

हल्ली हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने पडू लागला आहे. टेम्पो ट्रॅव्हलरच्या आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवून घेणारे, जीपच्या टपावर उघडणारा तंबू लावणारे, किंवा चार दिवसांसाठी कॅराव्हॅन भाड्याने घेणारे लोक रस्त्यावर दिसतात. त्यांना हॉटेलची खोली नको असते. गाडी रात्रभर निर्धास्त उभी करता येईल अशी जागा आणि टाकी भरायला पिण्याजोगे पाणी, एवढेच हवे असते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यात पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेल्या कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. धोरण चांगले आहे. मोहोळच्या फाट्यावर अंधारात उभ्या असलेल्या कुटुंबाला मात्र त्या रात्री त्याचा उपयोग नसतो. त्याला आसपास जे आहे त्यातूनच मार्ग काढावा लागतो.

आणि आसपास बरेच काही आहे. चाकांवर संसार घालून मुक्काम हलवत जाण्याचे शास्त्र या जिल्ह्याला नवीन नाही. दरवर्षी आषाढात ते लाखोंच्या संख्येने इथे येते.

पालखी सोहळ्याकडे आपण भक्तीच्या अंगाने पाहतो. एकदा व्यवस्थेच्या अंगाने पाहा. आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीला आजची शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी लावली. दिंड्यांना क्रमांक आहेत, रथापुढच्या आणि रथामागच्या. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम ठरलेले आहेत. वारकरी पायी चालतो. त्याचे सामान, राहुट्या, भांडी आणि शिधा दिंडीच्या ट्रकमधून पुढे जातो. चालणारे तळावर पोचण्याआधी राहुट्या उभ्या राहतात, चुली पेटतात. दिंडीबरोबर पाण्याचा टँकर असतो, आणि तो कुठे भरायचा हे आधीच ठरलेले असते. म्हणजे ट्रकमधले घर, रात्रीची ठरलेली जागा आणि पाण्याचा ठरलेला ठिकाणा, ही तिन्ही अंगे वारीत आहेत. जिल्ह्याच्या दुसऱ्या बाजूने शेगावच्या गजानन महाराजांची पालखी विदर्भ-मराठवाडा ओलांडून सोलापूर, तिऱ्हे, कामती, मंगळवेढा अशी पंढरपूरला जाते. कामती हे मोहोळ तालुक्यातलेच गाव.

पाण्याच्या बाबतीत वारी इतकी काटेकोर झाली त्यामागे कटू अनुभव आहे. एकोणिसाव्या शतकात यात्रा आणि पटकी यांची जोडी ठरलेली असे. माणसे एका नदीत अंघोळ करत, त्याच पात्रात झरे खणून पाणी पीत आणि परतताना रोग गावोगाव नेत. आजही आषाढीच्या आधी आरोग्य विभाग पालखी मार्गावरच्या विहिरी, बोअर, टाक्या आणि हॉटेलांचे पाणी तपासतो, टँकर भरण्याची ठिकाणे नक्की करतो आणि टीसीएल टाकतो. टीसीएल म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक म्हणून नेमलेला माणूस असतो. तो नळाचे पाणी छोट्या नळीत घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकतो. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन पोचला आहे. याला गावात ओटी टेस्ट म्हणतात. पाणीपुरवठ्याची पाहणी करून ग्रामपंचायतींना हिरवे, पिवळे किंवा लाल कार्डही दिले जाते. लाल म्हणजे धोका. गाडी घेऊन गावात शिरलेल्या प्रवाशाने ग्रामपंचायतीत जाऊन ‘तुमचे कार्ड कोणते?’ असे विचारले तर समोरचा जरा चमकेल, पण प्रश्न अगदी योग्य आहे.

आता मोहोळच्या पाण्याकडे वळू. हा अवर्षणप्रवण टापू. पाऊस वर्षाला साधारण पाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही लहरी. खाली बेसाल्टचा काळा खडक. त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात जे साठते तेच विहिरीला आणि बोअरला येते. खडकात बराच काळ मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर क्षार विरघळतात. पाणी जड होते, कधी मचूळ लागते, साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही. १९८० च्या सुमाराला उजनी धरण झाले, कालवे आले, ऊस आला आणि भागाचे रूप पालटले. तालुक्यात आज साखर कारखाने आहेत. पण उसाबरोबर रासायनिक खतेही आली. त्यांतला नायट्रेट मुरून विहिरीत उतरतो. त्याला रंग नाही, वास नाही, चवही नाही.

प्रवाशाची खरी फसगत होते ती इथेच. पाण्याची चव आणि पाण्याची सुरक्षितता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आपण लक्षात घेत नाही. बोअरचे मचूळ पाणी तोंडात धरवत नाही, म्हणून ते आपण वाईट ठरवतो. जड पाण्याने आरोग्याला मोठा अपाय होतो असा ठोस पुरावा नाही. जंतूंच्या दृष्टीने खोल बोअरचे पाणी उलट बरेचदा स्वच्छ असते. याउलट कालव्याकडेच्या विहिरीचे किंवा पावसाळ्यातल्या सीना नदीचे पाणी गोड लागते, आणि त्यातच जंतू असण्याची शक्यता जास्त. गोड पाण्याने मुलांना जुलाब होतात तेव्हा दोष मात्र ढाब्यावरच्या भाजीला जातो.

पाण्याचा हा दुहेरी स्वभाव समजला की कोणता उपाय कशावर चालतो हेही समजते. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आयएस १०५०० सांगते की विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम, त्यात सवलत नाही. बाजारात दोन-तीनशे रुपयांत मिळणारा टीडीएस मीटर यातला फक्त पहिला आकडा दाखवतो. तो जंतू मोजत नाही आणि नायट्रेटही वेगळा काढून दाखवत नाही. गटाराचे पाणी मिसळलेल्या नळाच्या पाण्यातही तो ३०० दाखवील आणि तुम्ही खूश व्हाल. हा मीटर मी निरुपयोगी म्हणणार नाही, पण त्याच्यावर जेवढा विश्वास टाकला जातो तेवढ्या लायकीचा तो नाही.

जंतूंवर सगळ्यांत भरवशाचा उपाय म्हणजे उकळणे. बुडबुडे खळाळून येऊ लागल्यावर एक मिनिट पुरते. वीस मिनिटे गॅस जाळायची गरज नाही. मात्र उकळल्याने नायट्रेट जात नाही. वाफ होऊन पाणी घटते, तसे त्याचे प्रमाण उलट वाढते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी पावडरचे दूध करायचे असेल तर उसाच्या पट्ट्यातल्या विहिरीचे पाणी उकळूनही वापरू नये. बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता नायट्रेटमुळे घटते. तेवढ्यासाठी सीलबंद बाटली घ्यावी.

दुसरा उपाय क्लोरीनचा. आरोग्य केंद्रातून किंवा आशाताईंकडून मिळणारी मेडिक्लोरची छोटी बाटली किंवा औषधाच्या दुकानातल्या क्लोरीनच्या गोळ्या गाडीत कायम असाव्यात. लेबलवर सांगितलेल्या प्रमाणात टाकायचे, ढवळायचे आणि किमान अर्धा तास थांबायचे. हे अर्धा तास थांबणे फार कमी लोक पाळतात. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन मातीवरच खर्च होतो, म्हणून आधी तुरटी फिरवून गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे पाणी फडक्यातून गाळून घ्यावे. फडक्याला हसू नका. अमेरिकन शास्त्रज्ञ रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या मतलब भागात जुन्या सुती साडीच्या अनेक घड्या करून त्यातून पाणी गाळण्याचा प्रयोग केला. २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते. पटकीचा जंतू पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना चिकटून राहतो आणि ते जीव कापडाच्या घड्यांत अडकतात. जुनी साडीच का, तर वारंवार धुऊन सुताचे तंतू फुगतात, छिद्रे बारीक होतात. अर्थात गाळणे ही पहिली पायरी. त्यानंतर उकळणे किंवा क्लोरीन हवेच.

सोलापूरकडे उन्हाला तोटा नाही, तेव्हा तेही कामाला लावता येते. स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत नितळ पाणी भरून ती कडक उन्हात सहा तास आडवी ठेवली की अतिनील किरण आणि उष्णता मिळून बहुतेक जंतू मरतात. दोन लिटरपेक्षा मोठी बाटली नको, रंगीत नको. चालत्या गाडीच्या टपावर हा उद्योग करू नये, पण दिवसभर एके ठिकाणी थांबला असाल तर फुकटात होतो.

गावोगाव आता पाण्याचे एटीएम झाले आहेत. नाणे टाकले की आरओचे पाणी येते. वीस लिटरचा जार थोडक्या पैशांत भरतो. मोहोळसारख्या जड पाण्याच्या भागात ही सोय मोलाची आहे. फक्त एक मर्म लक्षात ठेवावे. आरओमधून निघालेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. यंत्राच्या तोटीशी ते स्वच्छ असते, पण तुमचा जार आतून बुळबुळीत झाला असेल तर त्या पाण्याला राखणदार नसतो. जार दर भरण्याआधी घासायला हवा. हॉटेलात आणि लग्नात दिसणारे थंड पाण्याचे जार ही आणखी वेगळी जात. बाटलीबंद पाण्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक, भरल्याची तारीख आणि सील असते. थंड जारवर बहुधा यातले काहीच नसते. ते वाईटच असते असे नाही, पण ते चांगले आहे हे सांगायला कोणी बांधलेला नसतो.

किती पाणी बरोबर हवे? मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे असतो. मोठ्या माणसाला पिण्यासाठीच चार लिटर लागतात. चौघांचे पिणे आणि एक वेळचा स्वयंपाक धरला तर दिवसाला पंचवीस लिटर. पिण्याचे पाणी झाकणाच्या जारमध्ये आणि हातपाय धुण्याचे टाकीत, असे दोन संसार वेगळे ठेवलेत तर निम्मी काळजी मिटते, कारण टाकी मग कुठल्याही बोअरवरून भरता येते. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन. ते टपावर चढवू नये. वळणावर गाडी कलते आणि ब्रेक लांब लागतो. जागा खाली, चाकांच्या मधोमध.

पाणी हाताशी आले की मुक्कामाची जागा सोपी होते. वारकरी जे करतात तेच करायचे: पाणी जिथे आहे तिथे तळ. या मार्गावर पहिला विचार मोठ्या पेट्रोल पंपाचा करावा. पंपावर हवा, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह मोफत देणे बंधनकारक आहे. ट्रकचालकांसाठी काही पंपांवर अंघोळीची आणि झोपण्याची सोयही झाली आहे. ‘अपना घर’ नावाने तेल कंपन्यांनी ती वाढवली. मॅनेजरला विचारून, दिव्याखाली, इंधनाच्या यंत्रांपासून दूर गाडी लावावी. तिथे गॅसची शेगडी पेटवू नये, हे वेगळे सांगायला नको, पण सांगावे लागते. दुसरा पर्याय ढाबा. आधी जेवायचे, मग मालकाला विचारायचे. तो क्वचितच नाही म्हणतो. ज्या ढाब्यासमोर रात्री दहा ट्रक उभे असतात तिथे जेवण ताजे असते आणि रात्रभर कोणीतरी जागे असते. सावळेश्वरच्या टोल नाक्यावर स्वच्छतागृह आणि उजेड आहे, पण तिथे आवाज फार. तासभर डोळा लागेल, रात्र निघणार नाही.

थोडी वाट वाकडी करायची तयारी असेल तर देवस्थानांइतका चांगला तळ नाही. पंढरपूरला मंदिर समितीचे भक्तनिवास, असंख्य मठ आणि धर्मशाळा आहेत. चंद्रभागेपलीकडचा पासष्ट एकरांचा तळ वारीत राहुट्यांनी भरतो. तिथे पाणी आणि शौचालयांची व्यवस्था मुद्दाम त्यासाठीच केलेली आहे. अक्कलकोटला अन्नछत्र आणि यात्री निवास आहे. मात्र आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार वाऱ्यांच्या दिवसांत पंढरपुरात गाडी घालण्याचा विचारही करू नये. त्या दिवसांत मोहोळच्या अलीकडेच थांबलेले बरे. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट, बारवा आणि धर्मशाळा बांधल्या. पंढरपुरातला होळकर वाडाही त्यातलाच. बारव आणि धर्मशाळा शेजारी शेजारी का असत, हे वरचे सगळे वाचल्यावर सांगावे लागू नये.

महामार्गाच्या कडेला, पांढऱ्या पट्टीपलीकडे, झाडाखाली गाडी लावून झोपणे मात्र अजिबात नको. मागून येणाऱ्या चालकाला डुलकी लागली की संपले. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत गाळपाच्या हंगामात या भागात रात्री गाडी चालवणेही टाळावे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर मागच्या दिव्याशिवाय चाललेले असतात, आणि ते ट्रॉलीवर आदळेपर्यंत दिसत नाहीत. सूर्य मावळायच्या आत तळ गाठणे, हा नियम हंगामात मोटारवाल्यांनी पाळावा. बंद गाडीत एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपणे हा आणखी एक जीवघेणा प्रकार; धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही, माणूस झोपेतच जातो. काच दोन बोटे खाली आणि जाळी लावलेली, एवढेच वातानुकूलन रात्रीसाठी पुरेसे आहे.

सांडपाण्याबद्दल कोणी बोलत नाही. भांड्यांचे पाणी विहिरीपासून दूर, मोकळ्या जमिनीवर थोडे थोडे सोडावे. गाडीत शौचालयाची पेटी असेल तर ती पंपाच्या किंवा टोल नाक्याच्या स्वच्छतागृहातच, तिथल्या माणसाला विचारून रिकामी करावी. ओढ्यात नाही, उसात तर नाहीच. २०१५ पासून ‘निर्मल वारी’ या उपक्रमाने पालखीच्या तळांवर फिरती शौचालये नेली; हे काम लाखोंच्या गर्दीत होऊ शकते, तर चौघांच्या गाडीला जमायला हरकत नाही.

कॅराव्हॅन पार्कचे आराखडे करणाऱ्यांना एक विनंती. परदेशातल्या कॅम्पसाइटचे फोटो नंतर बघा. आषाढीच्या दोन दिवस आधी वाखरीच्या तळावर जा आणि टँकर कुठे भरतो, ट्रक कुठून आत येतो, शौचालये पाण्याच्या कोणत्या बाजूला आहेत, एवढे टिपून घ्या. आणि प्रवाशांनो, महामार्गावरचे स्वच्छतागृह कुलूपबंद दिसले किंवा नळ कोरडा निघाला तर चडफडत पुढे जाऊ नका. १०३३ हा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा मदत क्रमांक आहे, चोवीस तास चालतो. किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगून तक्रार नोंदवा.